नांदखारच्या देवळाला ओटा का नाही

नांदखारचं सांत जुझेचं, म्हणजे संत योसेफाचं, देऊळ बघायला येणारा पाहुणा पहिल्यांदा दारातच अडखळतो. आमच्या खाडीपट्ट्यात ख्रिस्ती माणूसही चर्चला देऊळच म्हणतो, तेव्हा गोंधळून जाऊ नका. इकडच्या जुन्या देवळांपुढे बहुधा ऐसपैस दगडी ओटा असतो. नांदखारला तो नाही. अंगणातली माती संपते तिथे थेट उंबरा, आणि तोही चांगला गुडघ्याएवढा उंच. म्हाताऱ्या बायकांना दोन्ही बाजूंनी हात देऊन वर घ्यावं लागतं. पाहुणे हसतात, गवंडी काम अर्धवट टाकून पळाला का म्हणून विचारतात. विचारू द्यावं. मग त्यांना हाताला धरून बांधावर न्यावं.

देवळापुढची भातखाचरं ओलांडली की खाडीचा बांध लागतो. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा घातलेला हा बांध सगळीकडे सारखा आहे, फक्त वाकणीत, म्हणजे खाडी जिथे वळते तिथे, तो पोट सुटल्यासारखा जाड झालेला आहे. ओहोटीला पाणी उतरलं की त्याच्या पायथ्याशी काळे घडीव दगड दिसतात. कालवं काढणाऱ्या बायका ते सगळे दगड कोयत्याने खरवडतात, पण अगदी तळाचा एक सोडून. त्या दगडाला मधोमध खोलगटपणा आहे. माणूस वर्षानुवर्षं एकाच जागी बसला की दगडाला जसा पडतो, तसा.

त्या दगडाची आणि त्या नसलेल्या ओट्याची गोष्ट एकच आहे. जुनी माणसं सांगत आली ती अशी.

फार पूर्वी, मिस्सा, म्हणजे देवळातली रविवारची उपासना, जेव्हा लॅटिन भाषेत होई आणि पाद्री लोकांकडे पाठ करून वेदीपाशी उभा राही, तेव्हाचा तो काळ. मिस्सा हे पाद्रीचं काम, अशी गावाची पक्की समजूत होती. नांगर धरायला नांगऱ्या, होडी घडवायला सुतार, तसा मिस्सेला पाद्री. त्याला तेल, मेणबत्त्या, सणाला कोंबडी पोचवली की आपलं काम झालं. लॅटिनला उत्तर द्यायला देवळाचा मेस्त, म्हणजे पाद्रीच्या हाताखालचा गाणारा सेवक, होता. ‘आमेन’ म्हणायचा तो एकटाच. बायका आत बसून जपमाळ ओढत. पुरुष बाहेर ओट्यावर बसत, पान जुळवत, सोयरिकी ठरवत, बैलांच्या गोष्टी करत. आतून घंटा किणकिणली की खांद्यावरचा पंचा खाली टाकून त्यावर एक गुडघा टेकायचा, छातीवर क्रूस काढायचा, आणि मोडलेली गोष्ट पुन्हा सुरू करायची. वाईट माणसं नव्हती हो ती. त्यांच्या बापांनी हेच केलं होतं.

ओट्यावर दाराला लागून पहिली जागा बस्त्यावची. बस्त्याव म्हणजे बांधाचा मुकादम. धिप्पाड, कमी बोलणारा. खाडीचं पाणी केव्हा चढणार ते तो वास घेऊन सांगे म्हणतात. त्याच्या जागी दुसरा कोणी बसायची छाती करत नसे.

आणि आत, अगदी मागच्या भिंतीला टेकून, पेत्रीन बसायची. तिच्या मांडीवर तिची लेक फिलू. फिलूला लहानपणी ताप आला आणि पायांतला जोर गेला, तेव्हापासून ती आईच्या कडेवर वाढली.

मग बांध फुटायला लागला.

आमच्याकडे बांध फुटला की ‘खांड पडली’ म्हणतात. एका वर्षी ऐन लोंब्या धरायच्या दिवसांत, भाद्रपदाच्या उधाणाला, वाकणीत खांड पडली. खारं पाणी शेतांत घुसलं आणि उभं भात करपून गेलं. गावाने खांड बुजवली, मिस्सा सांगितली, सांत जुझेला मेणबत्त्या लावल्या. दुसऱ्या वर्षी त्याच दिवसांत त्याच जागी पुन्हा खांड पडली. त्या खेपेला पेत्रीनचा नवरा इनास पाणी बघायला म्हणून गेला होता, तो परत आला नाही. गावाने सांताला चांदीचा मुगुट कबूल केला, आठवडाभर रोज मिस्सा सांगितली. पाद्री आत मिस्सा करायचा आणि गाव ओट्यावर बसून वाकणीकडे डोळे लावायचं.

तिसऱ्या वर्षी गावात दाणा उरला नाही. खार बसलेली जमीन लवकर बरी होत नाही. माणसं घोळीची भाजी आणि खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतल्या, बारक्या चिंबोऱ्यांवर जगू लागली. आधी म्हातारी माणसं गेली, मग लहान मुलं जायला लागली. बस्त्यावने स्वतःच्या हातांनी आपला नातू पुरला. एका बाजूच्या मोजक्या खाचरांत कसंबसं भात उभं होतं, तेवढीच सगळ्यांची आशा. आणि भाद्रपदाचं उधाण तोंडावर आलं होतं.

त्याच्या आदल्या रविवारी, मिस्सा चालू असताना, ओट्यावर बस्त्याव म्हणाला, “माज्या आज्याच्या तोंडून आयकलेलं हाय. हा बांध पयल्यांदा उभा रायला तवा वाकणीत एक जीव घातलेला.”

कसला जीव, ते कोणी विचारलं नाही. कोणी त्याला गप्पही केलं नाही. नंतर कोणीतरी हळूच म्हणालं, “जी पोर तशीबी पावसाळा काढायची नाय...” आणि सगळ्यांच्या नजरा उघड्या दारातून आत गेल्या, मागच्या भिंतीकडे. तेवढ्यात आत घंटा वाजली. सगळ्यांनी पंचे टाकले, गुडघे टेकले, क्रूस काढले. असं सांगतात की त्या दिवशी घंटेनंतर ओट्यावर कोणी एक शब्द बोललं नाही.

पेत्रीनला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण त्या आठवड्यात बस्त्यावची बायको तिच्या झोपडीत आली. हातात वाडगाभर पेज. गावात ज्याच्या त्याच्या चुली थंड, आणि ही पोरीसाठी तांदळाची पेज घेऊन आली! फिलू अधाशासारखी प्यायली. बाईने तिच्या केसांना तेल लावलं, वेणी घातली, तोंडावरून हात फिरवला. जाताना म्हणाली, “पोरीला बरं खायला घाल हां, पेत्रीन. मी उद्यापन आनते.” हे बोलताना तिने पेत्रीनच्या डोळ्यांत एकदाही बघितलं नाही.

पेत्रीनने फेस्ताच्या, म्हणजे सणाच्या, आधी बकरं पोसताना पाहिलं होतं, आणि बांधात घातलेल्या जीवाची जुनी गोष्ट तिच्याही कानावर होती. दोन दिवस तिने ती पेज पोरीला पाजली, कारण पोर भुकेली होती. कुठे पळणार? एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला खाजण, कडेवर पायांत जोर नसलेली लेक आणि पोटात अन्नाचा कण नाही. माहेर म्हणावं तर तेही वाहून गेलेलं. इनास असता तर दारात कोयता घेऊन उभा राहिला असता. ती देवाला बोल लावायची, बोटं मोडायची, मग स्वतःच घाबरून क्रूस काढायची.

उधाणाच्या रविवारी उजाडताच तिने फिलूला उचललं आणि देऊळ गाठलं. पाद्री होता फादर कायतान. म्हातारा, हिवतापाने पिवळा पडलेला. ती त्याच्या पायांवर पडली.

“पाद्रीबाबा, ते माजी पोर बांधात घालनार.”

आधी त्याला ते समजलंच नाही. समजलं तेव्हा तो भिंतीला धरून खाली बसला. या माणसांची लग्नं त्याने लावली होती, पोरांना बाप्तिस्मा दिला होता, मेलेल्यांना मूठमाती दिली होती. त्याने फिलूला उचललं, वेदीच्या पायरीवर बसवलं आणि तिच्या हातात पेटती मेणबत्ती दिली.

“इथनं हिला कोणी नेणार नाही,” तो म्हणाला. पण आवाज पोकळ होता, आणि पेत्रीनला ते कळलं.

मिस्सा सुरू झाली. बाहेर ओटा माणसांनी भरला. बस्त्याव आपल्या जागी बसला होता, पण तोंड वाकणीकडे नव्हतं, दाराकडे होतं. वारा सुटला होता. पेत्रीन जन्मात पहिल्यांदा वेदीच्या इतकी जवळ बसली होती, लेकीच्या झग्याचं टोक मुठीत घट्ट धरून. तिला प्रार्थना सुचत नव्हती. समोर जे होतं ते ती नुसती बघत राहिली. पाद्रीने भाकर वर धरली. मग प्याल्यात द्राक्षारस ओतला. मग पाण्याची लहानशी कुपी उचलली आणि एकच थेंब टाकायला ती प्याल्यावर तिरकी केली.

तिचा नवरा पाण्याने नेला होता. तिचं भात पाण्याने नेलं होतं. आता पाण्यासाठीच लेक द्यायची होती. तिच्या तोंडून निघून गेलं, “त्या पान्याचं तिथं काय काम?”

मिस्सेत मेस्तखेरीज कोणी तोंड उघडल्याचं त्या देवळाला माहीत नव्हतं. जपमाळा थांबल्या. ओट्यावरची माणसं माना वळवून बघू लागली. मेस्तने तिला हाताने दटावलं. फादर कायतानने मात्र कुपी तशीच हातात धरली आणि तो वळला, पाठीऐवजी तोंड लोकांकडे करून. आणि म्हणे तो लॅटिन सोडून गावाच्या भाषेत बोलला.

“बाय, द्राक्षारस हा ख्रिस्ताचा जीव. हा पाण्याचा थेंब म्हणजे तुम्ही. थेंब एकदा आत मिसळला की तो वेगळा काढता येत नाही. इथे एक जीव दिलेला आहे, सगळ्या जगासाठी, कायमचा. देवाला दुसरा नको आहे. मागतो तो एवढा थेंब.” त्याने हातातली कुपी पुढे धरली. “आणि इतकी वर्षं तो थेंब मी एकटाच टाकतोय. तुमच्यातलं कोणी आत आलंच नाही. मीही कधी हाक मारली नाही.”

पेत्रीन उठली. झग्याचं टोक तिने सोडलं. लेकीला म्हणाली, “मेनबत्ती इझू देऊ नको हां,” आणि ती दाराशी गेली. त्याच वेळी बांधावरून आरोळी आली, “खांड! खांड पडली!”

ओटा ताडकन उभा राहिला. बस्त्यावही उठला, आणि त्याने आधी बघितलं ते आत, वेदीच्या पायरीवर बसलेल्या पोरीकडे. पेत्रीन चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून दारात आडवी झाली. एका धक्क्यात पडली असती, इतकी ती खंगलेली होती.

“पोर नाय मिलनार,” ती म्हणाली. “जीव कवाच दिलेला हाय, आतमंदी. तुमी भायेर बसून पान खात होता. आता मी जाते. तूपन ये, बस्त्याव. समदे या.”

आणि ती त्यांच्यामधून वाट काढत वाकणीकडे धावत सुटली. पोर मागे ठेवून. त्या क्षणी तिच्या काळजाचं काय झालं असेल, ते सांगणाऱ्यांनाही सांगता येत नाही. तिने जाताना शेतातलं मातीचं एक ढेकूळ उचललं, खांडीपाशी आली, ते पाण्यात टाकलं. ते विरघळून गेलं. मग ती स्वतःच खांडीत उतरली आणि छातीएवढ्या पाण्यात कडेची माती धरून उभी राहिली. हा वेडेपणा होता. एक बाई खाडी कशी अडवणार?

ओट्यावर माणसं खिळून राहिली होती. दार आता मोकळं होतं आणि पोर आत एकटी होती. बस्त्यावने पुन्हा एकदा आत बघितलं. म्हणतात की फिलूने त्याला बघून मेणबत्तीपुढे हात आडवा धरला, वाऱ्यासाठी. तेवढंच. बस्त्याव वळला, त्याने पहार मागितली आणि जिथे त्याचा बाप बसला होता, आजा बसला होता, तो दाराजवळचा पहिला दगड उखडला. दगड छातीशी धरून तो वाकणीकडे चालू लागला.

मग सगळं गाव तुटून पडलं. देवळापासून वाकणीपर्यंत माणसांची रांग लागली. बायका आल्या, गळ्यात जपमाळा तशाच. पाद्री आला, अंगावर मिस्सेचे कपडे तसेच. ओट्याचा एकेक दगड या हातातून त्या हातात जाऊ लागला. पण पाण्याचा जोर इतका, की दगड टाकावा तो वाहून जाई. तेव्हा बस्त्याव आपला दगड घेऊन खाली उतरला, खांडीत सर्वांत खोल जागा होती तिथे. दगड तळाला रोवून तो त्यावर पाय देऊन उभा राहिला आणि पेत्रीनच्या कोपरात त्याने कोपर अडकवलं. त्याच्या पलीकडे दुसरा आला, मग तिसरा. माणसांची भिंत झाली, आणि त्या भिंतीच्या मागे बाकीचे दगड-माती टाकू लागले.

भरती चढतच गेली. पाणी हनुवटीला लागलं. खारं पाणी डोळ्यांत, नाकात. माणसं उपाशी होती, थंडीने दात वाजत होते. कोणी रडत होतं, कोणी शिव्या देत होतं, कोणी आईच्या नावाने ओरडत होतं. आता सुटेल, मग सुटेल, असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि शेजारच्याने सोडलं नाही म्हणून तो सोडत नव्हता.

एकदा बस्त्याव पेत्रीनला म्हणाला, “पोर येकटीच हाय ना गो आत? भिली असल.”

“मेनबत्ती हाय तिच्याजवल,” पेत्रीन म्हणाली.

लाट त्याच्या डोक्यावरून जायची आणि तो पुन्हा दिसायचा. पुढे पुढे दिसायचा तेव्हा मान झुकलेली असायची. तिच्या कोपरातला त्याचा हात सैल पडला, मग गार पडला. पेत्रीनला समजलं. ओरडली असती तर माणसं हात सोडून धावली असती आणि भिंत फुटली असती. तिने ओठ दाताखाली धरले आणि तो हात आणखी आवळला. ज्याने तिची लेक मागितली होती त्याला तिने धरून ठेवलं, ओहोटी लागेपर्यंत.

पाणी उतरलं तेव्हा खांड बुजली होती. मोजक्या खाचरांतलं भात उभं होतं. भिंत मोकळी झाली, फक्त बस्त्याव मोकळा झाला नाही.

कोणी म्हणतं की शेवटी बांधाने बळी घेतलाच. नांदखारमध्ये हे बोलून बघा, म्हातारी माणसंसुद्धा अंगावर येतील. पेत्रीन म्हणे जन्मभर हेच सांगत राहिली, “घेतला नाय. तो आपल्या पायांनी आला.”

त्यांनी बस्त्यावला खांद्यावर घेतलं आणि चिखलाने माखलेले सगळे देवळाकडे आले. ओटा राहिलाच नव्हता. दारापुढे नुसता खड्डा होता. बसायला जागा नाही म्हणून म्हणा, की आता बाहेर थांबवेना म्हणून म्हणा, पुरुष उंबरा चढून आत गेले. त्यांतल्या कित्येकांनी वेदी इतक्या जवळून प्रथमच पाहिली.

वेदीपुढे फिलू एकटी बसली होती. मेणबत्ती जळून तिच्या बोटांपर्यंत आली होती, बोटं पोळली होती, तरी तिने ती सोडली नव्हती. इतक्या माणसांना एकदम आत आलेलं पाहून ती बावरली. मग पाद्रीला म्हणाली, “पाद्रीबाबा, कोनच नव्हतं ना, म्हनून मीच आमेन म्हनत बसले.”

तेव्हा सगळं देऊळ रडलं. कायतानने ओल्या कपड्यांनिशी मिस्सा जिथे थांबली होती तिथून पुन्हा धरली. कुपी उचलली, पण थेंब टाकला नाही. ती त्याने फिलूच्या हातात दिली, फिलूने आईच्या, आईने पुढच्याच्या. कुपी चिखलाळ हातांतून फिरत दारापर्यंत गेली. दारापाशी, ओट्यावरची त्याची पहिली जागा जिथे होती तिथे, बस्त्यावला निजवलं होतं. आता कुपीला हात लावायचा राहिलेला तो एकटाच होता. पेत्रीन उठून तिथवर गेली. त्याची थंड बोटं तिने उघडली, कुपीभोवती मिटली, आणि त्याच्या हातासकट ती क्षणभर उचलून धरली. मग कुपी परत हातोहात वेदीकडे आली आणि पाद्रीने तो थेंब प्याल्यात टाकला. मेस्तने तोंड उघडायच्या आत सगळं गाव म्हणालं, “आमेन.”

पुढे कितीदा पैसे जमले, नवा ओटा बांधायचं ठरलं, पण गावाने कधी बांधू दिला नाही. खड्डा तेवढा मातीने भरला. मिस्साही आता मराठीत होते, लहान पोरालाही कळते. पण आजही नांदखारच्या देवळात पाण्याची कुपी वेदीशेजारी ठेवलेली नसते. ती ठेवतात उंबऱ्यावर, बस्त्यावला जिथे निजवलं होतं त्या बाजूला. अर्पणाची वेळ झाली की जो सर्वांत मागे असेल तो ती उचलतो आणि कुपी एकेकाच्या हातातून पुढे जाते. वेदीच्या पायरीवर गावातलं सर्वांत अशक्त लेकरू बसवलेलं असतं, ते ती पाद्रीला देतं. कितीही वेळ लागो, तोवर पाद्री थांबतो. उशीर झाला म्हणून इथे कोणी कुरकुरत नाही.

तेव्हा पाहुण्यांनो, रविवारी आलात आणि आम्ही फक्त बघायला आलोय असं म्हणत दाराबाहेर उभे राहिलात, तर कोणीतरी वळून तुमच्याकडे बघेल. सबंध देऊळ गप्प असेल. पाद्री वेदीपाशी प्याला धरून उभा असेल, आणि कुपी तुमच्या पायाशी, उंबऱ्यावर असेल.

सर्वांत मागे तुम्हीच असाल. ती उचला.